न्याय आणि क्षमा यांची भेट

(आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या त्रिदिन प्रार्थनेच्या अखेरच्या सायंकाळीं धर्मग्रामाच्या मुख्य धर्मगुरूंनीं देवमंदिरांत दिलेलें व्याख्यान)



उद्यां आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षें पूर्ण होत आहेत. बाहेर पताका लागल्या आहेत, वाजंत्री ठरली आहे, आणि घरोघरीं पाहुणे येऊन उतरले आहेत. अशा आनंदाच्या प्रसंगीं प्रायश्चित्तासारखा गंभीर विषय व्याख्यानासाठीं कां निवडला, असा प्रश्न आपल्यांपैकीं पुष्कळांच्या मनांत उद्भवला असेल. त्याचें उत्तर जुन्या करारांतच आहे. लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायांत परमेश्वरानें इस्राएल लोकांस पन्नासावें वर्ष पवित्र मानण्याची आज्ञा केली. त्या वर्षीं विकलेली वडिलार्जित जमीन मूळ कुळाकडे परत जावयाची, आणि दारिद्र्यामुळें चाकरीस विकला गेलेला इस्राएली मोकळा होऊन आपल्या घरीं जावयाचा. परंतु हें आनंदाचें वर्ष पुकारावयाचें केव्हां? सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशीं, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशीं, शिंग फुंकून. ज्या दिवशीं प्रमुख याजक परमपवित्र स्थानांत जाऊन लोकांच्या पापांकरितां रक्त शिंपडीत असे, त्याच दिवशीं महोत्सवाचें शिंग वाजे. आधीं प्रायश्चित्त, मग महोत्सव, असा देवानें घालून दिलेला क्रम आहे. तो मोडून आपण केवळ पताकांचा महोत्सव केला, तर तो आपला होईल, देवाचा होणार नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. देव न्यायी आहे असें आपण मानतों, आणि देव दयाळू आहे असेंही मानतों. न्याय म्हणतो, पाप्याला त्याच्या कृत्याचें फळ मिळालेंच पाहिजे. दया म्हणते, त्याला सोडून द्यावें. हीं दोन्ही एकाच देवाच्या ठायीं कशीं नांदतात? एखाद्या न्यायाधीशानें लांच न घेतां, केवळ कींव येऊन, खुनी माणसाला मोकळें सोडलें, तर आपण त्याला दयाळू म्हणूं काय? मेलेल्या माणसाची विधवा न्यायमंदिराच्या पायरीवर मुलांना पोटाशीं धरून बसलेली असेल, तिला विचारा. ती म्हणेल, या दयेनें माझ्या नवऱ्याला दुसऱ्यांदा मारलें. उलटपक्षीं, ज्या देवापाशीं केवळ न्यायच आहे, त्याच्यापुढें आपल्यांपैकीं कोण उभा राहूं शकेल? पहिला देव आपल्याला नको, आणि दुसरा आपल्याला परवडणार नाहीं.

या प्रश्नाला दोन सोपीं उत्तरें दिलीं जातात. दोन्ही चुकीचीं आहेत.

पहिलें उत्तर असें: देव मोठा आहे, त्याला आपल्या पापांचा हिशेब ठेवावयाची काय गरज? तो सर्व विसरून जाईल. हें बोलणें ऐकावयास गोड आहे. परंतु त्यांत पाप म्हणजे कांहींच नाहीं असें गृहीत धरलें आहे. ज्याची मजुरी बुडाली, जिची अब्रू गेली, ज्याच्या मुलाला कोणी व्यसनाला लावलें, त्यांचें दुःखही मग कांहींच नाहीं असें होईल. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीं २००७ सालीं आशेवर जें परिपत्रक लिहिलें, त्यांत त्यांनीं हा विचार स्पष्ट मांडला आहे: देवाची कृपा न्यायाला पुसून टाकीत नाहीं, आणि अन्याय करणारे व अन्याय सोसणारे कांहीं घडलेंच नाहीं अशा रीतीनें स्वर्गीय मेजवानीस शेजारीं शेजारीं बसत नाहींत. खोटें झाकून ठेवल्यानें तें खरें होत नाहीं.

दुसरें उत्तर याहून घातक आहे, कारण तें भक्तीचा वेष घेऊन येतें. तें असें: पिता रागावला होता, त्याला कोणावर तरी राग काढावयाचा होता, आणि निरपराध पुत्र त्याच्या हातीं सांपडला. क्रुसाच्या वाटेची भक्ति करितांना आपल्यांपैकीं कित्येकांच्या मनांत लहानपणापासून असेंच कांहींसें चित्र बसलेलें असतें. पण जरा विचार करा. अपराध एकानें करावा आणि शिक्षा दुसऱ्याला व्हावी, हा न्याय कसला? तो तर आणखी एक अन्याय झाला. शुभवर्तमान अगदी उलट सांगतें. संत योहान म्हणतो कीं, पित्यानें पुत्राला पाठविलें तें जगावरील प्रेमामुळें. प्रेम क्रुसापूर्वींच होतें. क्रुसानें तें विकत घेतलें नाहीं. आणि येशूनें स्वतः सांगितलें आहे कीं, त्याचा प्राण कोणी त्याच्यापासून हिरावून घेत नाहीं, तो आपण होऊन देतो. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांची इच्छा एकच आहे. क्रुसावर एक देव मारणारा आणि दुसरा मार खाणारा असे दोघे नाहींत. ज्याच्याविरुद्ध अपराध झाला, तोच मनुष्य होऊन तेथें खिळलेला आहे.

मग खरें उत्तर कोणतें? तें आपल्या भाषेंतील एका शब्दापासून शोधूं. 'क्षमा' हा शब्द ज्या धातूपासून झाला, त्याचा अर्थ सहन करणें असा आहे. म्हणूनच संस्कृतांत पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. नांगर, कुदळ, ओझें, सर्व ती सोसते. क्षमा करणारा नेहमीं कांहींतरी सोसतो. एक साधें उदाहरण घ्या. शेजाऱ्यानें आपल्या विहिरीवरचा पंप उसना नेला आणि हयगयीनें जाळून टाकला. तो दाराशीं येऊन हात जोडतो, आणि आपण म्हणतां, "असूं दे, पैसे नकोत." झालें? पंप दुरुस्त झाला काय? नाहीं. त्याचे पैसे आतां आपल्या खिशांतून जाणार. तोटा नाहींसा झाला नाहीं; तो त्याच्या खांद्यावरून आपल्या खांद्यावर आला. वस्तूची गोष्ट सोपी आहे. कोणी आपली निंदा करून गांवांत मान खालीं घालावयास लावली, आणि आपण त्याला मनापासून क्षमा केली, तर त्या क्षमेची किंमत आपण रात्रींच्या रात्रीं जागून भरीत असतां. फुकट क्षमा जगांत नाहीं. जेथें क्षमा आहे, तेथें कोणीतरी किंमत भरलेली आहे.

हाच नियम देवाच्या क्षमेस लावून पाहा, म्हणजे क्रुसाचा अर्थ उघडतो. देवानें पापाला क्षुल्लक म्हटलें नाहीं, म्हणून न्याय राहिला. त्यानें किंमत पाप्याकडून न घेतां स्वतः भरली, म्हणून दया राहिली. न्याय एकीकडे ओढतो आणि दया दुसरीकडे, व मध्यें देव अडकला आहे, असें नाहीं. एकाच प्रेमाचीं तीं दोन नांवें आहेत. ज्याचें खरें प्रेम असतें, तो वाइटाला वाईट म्हणतो, आणि तरीही वाईट करणाराला टाकीत नाहीं.

ही किंमत केवढी होती हें प्रभूनें एका दाखल्यांत सांगितलें आहे. संत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायांतील निर्दय चाकराची गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. पण तिच्यांतला हिशेब आपण सहसा करीत नाहीं. चाकर राजाचें १०,००० तालांत देणें लागत होता. एक तालांत म्हणजे सुमारें ६,००० दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे हें कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचें झालें. वर्षांत ३०० दिवस काम मिळालें, तरी दोन लाख वर्षें राबावें लागेल, आणि तेंही पोटाला एक घांस न खातां. तो चाकर मात्र राजाच्या पायां पडून म्हणतो कीं, थोडें थांबा, मी सर्व फेडीन. मनुष्याचा भोळेपणा आणि गर्व, दोन्ही या एका विनवणींत भरलेले आहेत. आपणही देवाला असेंच म्हणत असतों: मी नवस करीन, मी मेणबत्त्या लावीन, मी देणगी देईन, आणि फेडून टाकीन.

हें ऋण फिटत कां नाहीं, याचा विचार संत आन्सेल्म यांनीं नऊशें वर्षांपूर्वीं केला. ते इंग्लंडांतील कँटरबरीचे महाधर्माध्यक्ष होते. राजाशीं बेबनाव होऊन परदेशीं राहावें लागलें असतां, १०९८ सालीं इटलींत त्यांनीं 'देव मनुष्य कां झाला?' या नांवाचा आपला ग्रंथ पुरा केला. बोझो नांवाचा शिष्य प्रश्न विचारतो आणि आन्सेल्म उत्तर देतात, अशी त्याची रचना आहे. त्यांचा युक्तिवाद थोडक्यांत असा: अपराधाचा मोठेपणा ज्याच्याविरुद्ध तो घडला त्याच्या थोरवीवरून ठरतो; म्हणून देवाविरुद्ध केलेल्या पापाचें ऋण अपार आहे. तें मनुष्यानें फेडलें पाहिजे, कारण तें त्याचें आहे. पण तो फेडूं शकत नाहीं, कारण त्याच्याजवळ जें कांहीं आहे तें सर्व आधींच देवाचें आहे. देव तें फेडूं शकतो. पण तें त्याचें ऋण नव्हे. म्हणून जो देवही आहे आणि मनुष्यही आहे, तोच तें फेडूं शकतो. बेथलेहेमचें बाळ आणि गुलगुथ्याचा क्रूस यांना एका सूत्रांत ओंवणारा हा विचार आहे.

तेराव्या शतकांत संत थॉमस आक्विनस यांनीं या विचारास आणखी सौम्य आणि खोल रूप दिलें. देवावर कोणतीच सक्ती नव्हती, असें ते म्हणतात. देवाहून वरिष्ठ कोणी नाहीं. तेव्हां त्यानें भरपाईवांचून क्षमा केली असती, तरी तो अन्यायी ठरला नसता. पण जो मार्ग त्यानें निवडला, त्यांत दया कमी नसून अधिकच आहे. कारण ज्याच्याजवळ फेडावयास कांहीं नव्हतें, त्याला त्यानें फेडणारा दिला. भिकाऱ्याचें कर्ज माफ करणें ही दया खरी. पण त्याला आपला पुत्र देऊन, मान वर करून कर्ज फेडूं देणें, ही त्याहून मोठी दया होय. आणि भरपाई कशाची झाली? वेदनांची नव्हे. पित्याला रक्ताची तहान नव्हती. पुत्राचें प्रेम आणि त्याची आज्ञाधारकता हीं पित्याला साऱ्या जगाच्या पापांच्या तिटकाऱ्याहून अधिक प्रिय झालीं. वेदना हें त्या प्रेमाचें मोल होतें.

आतां कोणी म्हणेल, फेडलें ख्रिस्तानें, त्यांत आमचें काय? संत थॉमस यांचें उत्तर संत पौलाच्या शिकवणीवरून घेतलेलें आहे: ख्रिस्त मस्तक आहे आणि आपण त्याचें शरीर. हातानें केलेल्या कामाचें श्रेय साऱ्या देहाला मिळतें, तसें मस्तकाचें पुण्य अवयवांना मिळतें. तो आपल्याऐवजीं उभा राहिलेला परका मनुष्य नाहीं. बाप्तिस्म्यानें तो आपला झाला आणि आपण त्याचे झालों. आणि येथेंच आपल्या धर्मांतील 'प्रायश्चित्त' या शब्दाचें वेगळेंपण दिसतें. एरवीं प्रायश्चित्त म्हणजे पापी मनुष्यानें स्वतः घ्यावयाचें. आपल्याकडे तें आधीं देवानें घेतलें, आणि मग आपल्याला त्यांत वाटेकरी केलें.

ही शिकवण आपल्या भाषेला नवी नाहीं. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले. त्यांचें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं रायतूर येथें प्रथम छापलें गेलें. सुमारें ११,००० ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यांत जगाची उत्पत्ति, आदिमातापित्यांचें पतन आणि तारणाऱ्याची दीर्घ प्रतीक्षा येते. ख्रिस्तचरित्र दुसऱ्यांत येतें. या क्रमांत मोठें शहाणपण आहे. रोग काय आहे हें ज्याला सांगितलेंच नाहीं, त्याला औषधाची किंमत कशी कळणार? पापाचा शब्द ज्या पिढीच्या जिभेवरून गेला, तिला क्रूस हा केवळ गळ्यांतला दागिना वाटतो.

बंधुभगिनींनो, येथपर्यंत आपण देवानें काय केलें तें पाहिलें. आतां आपण काय करावयाचें तें पाहूं. आणि हा भाग अवघड आहे.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५५१ सालीं पापनिवेदनाच्या संस्काराविषयीं जी शिकवण दिली, तिचा सारांश असा कीं, पापाची क्षमा झाली व नरकाची शिक्षा टळली, तरी पापानें केलेली मोडतोड उरते. तिच्यासाठीं क्षमा मिळालेल्यानें प्रायश्चित्ताचीं कृत्यें करावयाचीं असतात, आणि त्या कृत्यांना सारें बळ ख्रिस्ताच्या भरपाईपासूनच येतें. ख्रिस्तानें फेडलें म्हणून आपण हात झाडून मोकळे झालों, असें नाहीं. त्यानें फेडलें म्हणून आपलें लहानसें फेडणेंही आतां देवापुढें मोलाचें झालें. पापनिवेदनांत धर्मगुरू जें प्रायश्चित्त सांगतात, तें दंड म्हणून नव्हे; क्रुसाचें ओझें उचलण्यास बाळाचा हात लावून घ्यावा, तसें तें आहे. जक्कयाची गोष्ट आठवा. प्रभूनें त्याच्या घरीं उतरण्यापूर्वीं त्याला कोणतीच अट घातली नव्हती. दया आधीं आली. पण ती दारांतून आंत येतांच जक्कय उठून उभा राहिला, आणि अर्धी मालमत्ता गरिबांस व फसविलेल्यांस चौपट परत देण्याचें त्यानें कबूल केलें. क्षमा खरी लागली, याची ही खूण आहे. चोरलेलें घरांत ठेवून चोरीची क्षमा मागतां येत नाहीं.

न्याय आणि क्षमा यांची भेट आपल्याच देशांत, आपल्याच काळांत कशी झाली, हें एका उदाहरणानें सांगतों. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या सिस्टर राणी मारिया या केरळांतल्या. मध्य प्रदेशांत गोरगरीब ग्रामस्थांना सावकारांच्या पाशांतून सोडविण्याचें काम त्या करीत. त्यामुळें ज्यांच्या पोटावर पाय आला, त्यांनीं मारेकरी घातला. २५ फेब्रुवारी १९९५ रोजीं, इंदूरकडे जात असतां, बसमध्यें इतर उतारूंच्या देखत त्यांच्यावर सुऱ्यानें वार झाले आणि त्यांनीं प्राण सोडला. मारेकऱ्यास जन्मठेप झाली. न्यायानें आपलें काम केलें. तो मनुष्य अकरा वर्षें तुरुंगांत राहिला. पण २००२ सालीं राखीपौर्णिमेच्या सुमारास सिस्टरांची धाकटी बहीण, तीही व्रतस्थ, तुरुंगांत गेली आणि तिनें आपल्या बहिणीच्या मारेकऱ्याच्या हाताला राखी बांधली. पुढें कुटुंबानें व धर्मसभेनें त्याच्या सुटकेसाठीं अर्ज केले, आणि २००६ सालीं तो सुटला. तो पश्चात्तापानें बदलून गेला. सिस्टरांच्या मातेनेंही त्याला आपल्या घरीं घेतलें. ४ नोव्हेंबर २०१७ रोजीं इंदूर येथें सिस्टर राणी मारिया यांस धन्यवादित म्हणून घोषित करण्यांत आलें.

या घटनेंत बहिणीनें असें म्हटलें नाहीं कीं, खून झालाच नाहीं. ज्या हातानें वार केला, तोच हात तिनें राखीसाठीं निवडला. अपराध तिनें डोळे उघडे ठेवून पाहिला, त्याचें दुःख स्वतः सोसलें, आणि अपराध्याला भाऊ केलें. गुलगुथ्यावर जें घडलें, त्याची ही लहानशी प्रतिमा आहे.

आतां आपल्या धर्मग्रामाकडे येऊं. या देवमंदिरांत सख्खे भाऊ आहेत, ज्यांचें एका बांधावरून किंवा सातबाऱ्यावरील एका नांवावरून वर्षानुवर्षें बोलणें नाहीं. एक उजव्या बाजूच्या बांकावर बसतो, तर दुसरा मुद्दाम डाव्या. दोघेही एकाच वेदीपाशीं येऊन एकच ख्रिस्तशरीर घेतात. बापाच्या प्रेताला दोघांनीं खांदा दिला, पण एकमेकांच्या चेहऱ्याकडे पाहिलें नाहीं. सामाईक विहिरीचें पाणी दोन दोरांनीं निघतें, आणि ताटांतला घांस दोन चुलींवर कडू होतो. देवानें ज्याचे सहा कोटी सोडले, तो भावाचे शंभर सोडीत नाहीं. दाखल्यांतला तो चाकर कोठें राहतो, हें शोधावयास दूर जावयास नको.

परंतु येथें एक सावधगिरीची सूचना देणें माझें कर्तव्य आहे. क्षमेचा उपदेश नेहमीं दुबळ्यालाच केला जातो. नवरा दारू पिऊन मारतो, आणि सारे जण बायकोला सांगतात, "क्षमा कर, ख्रिस्तानें नाहीं का केली?" मोठ्या भावानें जमीन लाटली, आणि विधवा भावजयीला सांगतात, "जाऊं दे, देव पाहील." ही ख्रिस्ती क्षमा नव्हे, ख्रिस्ताच्या नांवानें अन्यायावर घातलेलें पांघरूण आहे. क्रुसानें न्याय रद्द केला नाहीं, हें आजच्या साऱ्या बोलण्याचें सार आहे. जो दुखावला गेला, त्यानें मनांतून सूड काढून टाकावा, हें खरें. तें त्याच्या आत्म्याच्या आरोग्यासाठीं आहे, आणि त्याला वेळ लागला तर देव थांबतो. पण ज्यानें दुखावलें, त्याच्यावर पहिलें पाऊल टाकण्याची जबाबदारी आहे. त्यानें हात आंवरावा, लाटलेलें परत करावें, खोटें बोललें असेल तर तें ज्यांच्यापुढें बोललें त्यांच्यापुढेंच मागें घ्यावें. मार खाणारीनें आश्रय मागितला, तर तो देणें हें शेजाऱ्यांचें व धर्मग्रामाचें कर्तव्य आहे. त्यानें क्षमेला बाध येत नाहीं.

उद्यां सकाळीं या वेदीवर मिस्साबलि अर्पण होईल. क्रुसावर रक्त सांडून जें बलिदान एकदांच झालें, तेंच येथें रक्ताविना अर्पिलें जातें, अशी धर्मसभेची शिकवण आहे. न्याय आणि क्षमा यांची भेट उद्यां याच जागीं, आपल्या डोळ्यांपुढें होणार आहे. त्या भेटीला आपण रिकाम्या हातांनीं येऊं नये. आज रात्रीं पापनिवेदन ऐकण्यासाठीं धर्मगुरू बसणार आहेत. शेवटचा मनुष्य जाईपर्यंत दिवा विझणार नाहीं. आणि ज्याला पापनिवेदनाच्या आधीं एखाद्या दाराशीं जावयाचें असेल, त्यानें तेथें आधीं जावें. रात्र झाली म्हणून संकोच करूं नये. पन्नास वर्षांपूर्वीं ज्यांनीं या देवमंदिराचे दगड डोक्यावरून वाहिले, त्यांच्या नातवंडांनीं एकमेकांना दिलेला हात, हीच या महोत्सवाची खरी देणगी होय.

ज्यानें आपलें ऋण स्वतःच्या देहावर घेतलें, तो प्रभू येशू आपल्याला खरें बोलण्याचें धैर्य, परत करण्याची इच्छा आणि सोसण्याचें बळ देवो. धन्य कुमारी मरिया, जी क्रुसाखालीं उभी राहिली, ती आपल्यासाठीं विनंती करो. आमेन.